निरवांगी आधी, बारामती शेवटी

निरवांगी मी चौदा वर्षं रोज ऐकली, पण कधी पाहिली नाही.

बारामतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते, तेव्हाची गोष्ट. त्या काळी फोन उचलला की आधी आमचा आवाज यायचा आणि मग ज्याच्याशी बोलायचं त्याचा. समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड, मांडीजवळ दोऱ्यांची रांग. दोरीचं पितळी टोक भोकात बसलं की एक गाव जागं व्हायचं. सांगवीच्या मागे पिठाच्या गिरणीची धडधड असायची. कऱ्हाटीच्या मागे एक कुत्रं होतं, घंटा वाजली की भुंकायचं. तीन-चार वर्षांनी त्याचा आवाज घोगरा झाला आणि मग एका उन्हाळ्यात बंदच झाला. निरवांगीच्या पोस्टात एकच फोन होता. त्याच्या मागे झाडावरचे होले घुमायचे, कबुतरांसारखे. पोस्टमास्तर अप्पा बोलायला लागायच्या आधी होलेच बोलायचे.

या गावांचे रस्ते मला ठाऊक नव्हते, माणसांचे चेहरेही नाहीत. डोळे मिटले की सगळा मुलूख कानातून उभा राहायचा. आता वय त्र्याहत्तर झालं, तरी दुपारी जरा पडले की तोच मुलूख येतो. गिरणी, कुत्रं, होले. जागी आहे की झोपेत, ते मलाही सांगता येत नाही.

आमचे हे गेल्यापासून बारामतीच्या कसब्यातल्या घरी मी एकटीच. वरच्या खोलीत दोन वर्षांपासून स्वरूपा राहते. मुलगी कऱ्हाटीची. माझ्या बहिणीचा, फरहतचा मुलगा शाहिद इंदापूर तालुक्यातल्या एका डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये वायरमन आहे. तिथल्याच कॉम्प्युटरचं सगळं ही बघते. शाहिदच तिला घेऊन आला होता.

"खाला, पोरगी गुणाची हाय. फकस्त माणसांपेक्षा मशिनींशी जास्ती बोलती."

"मीही आयुष्यभर बोर्डाशीच बोलले," मी म्हटलं. "राहू दे."

तिच्या कामाबद्दल ती मला सांगायची, मी माझ्या परीनं समजून घ्यायची. पॅकहाऊसमध्ये बागांतून डाळिंबं येतात, बायका ती निवडतात, भरतात, आणि कंटेनर परदेशी जातो. क्रेट कुठल्या बागेतला, तिथं कोणती फवारणी कधी झाली, याची नोंद लागते. नोंद हरवली तर फळ कितीही देखणं असो, बोटीवर चढत नाही. त्या नोंदी कॉम्प्युटरच्या खोलीत.

"खोलीत लोखंडी खोकं एकच हाय, काकी," ती एकदा म्हणाली होती. "पर त्याच्या आत पाच मशिनी ऱ्हात्यात. खऱ्या न्हाईत. व्हर्च्युअल."

"म्हणजे असल्यासारख्या?"

"व्हय. परत्येकीला वाटतं आपण एकटीच हाय, ह्ये घर आपलंच हाय. शेजारणीशी बोलायचं तरी वायरीवरनं बोलल्यागत बोलाया लागतं."

मला ते फार आवडलं होतं. एका खोक्यात पाच जणी, आणि प्रत्येकीचं आपलं आपलं जग. माझ्या दुपारच्या मुलखासारखंच.

त्यांना नावं शाहिदनं दिलेली. लहानपणी त्यानं माझ्या बोर्डाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, म्हणून गावांची नावं. बायका क्रेटवरची चिठ्ठी वाचून घेतात ती नोंद निरवांगीकडे जाते. निरवांगी ती इंदापूरला सांगते, इंदापूर बागेची फवारणी तपासते आणि बारामतीला कळवते. सगळ्या नोंदी कायमच्या बारामतीत. सांगवी कोल्ड स्टोरेजची थंडी मोजते, कऱ्हाटी लेबलं छापते, आणि त्याही शेवटी बारामतीलाच सांगतात.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी लाईट गेली. असं होणार म्हणून स्वरूपानं एक स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. म्हणजे माणूस जवळ नसला तरी काय करायचं ते कॉम्प्युटरला आधीच सांगून ठेवायचं: लाईट गेली की बॅटरीवर बारा मिनिटं मिळतात, तेवढ्यात एकेका मशीनला नीट झोपवायचं. जनरेटर होता, पण तो कोल्ड स्टोरेजला जुंपलेला. त्या दिवशी बारा मिनिटं संपली आणि मशिनी झोपल्या नाहीत, जागच्या जागी कोसळल्या. एकशे सत्तर क्रेटच्या नोंदी गेल्या. तो माल बोटीऐवजी गावच्या बाजारात गेला.

मॅनेजर गोकुळराव ओरडले नाहीत. स्वरूपा म्हणाली, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "एप्रिलातल्या दुसऱ्या गुरुवारी लाईनीच्या कामासाठी धाला लाईट जाणार हाय. तवा माझ्यासमोर करून दाखवा. पुन्ना असंच झालं तर मशिनी पुण्याला नेऊ. तितं लोकं हायत सांभाळाया."

"आन मग मी?" तिनं विचारलं होतं.

"मग खोलीच न्हाय तर खोलीतलं माणूस काय करायचं, तुमीच सांगा."

ती खोली तिनं आणि शाहिदनं मिळून उभी केलेली. वायरी त्यानं ओढल्या, भिंतीला रंग तिनं दिला. त्या बोलण्यानंतर तीन आठवडे तिनं धड जेवण केलं नाही. बॅटरीच कमी पडते असं तिचं म्हणणं. मोठी बॅटरी मागितली तर गोकुळरावांनी नुसते हात जोडले.

त्या गुरुवारच्या आधीचा रविवार. दुपार. खिडकीला ओलं गोणपाट लावलं होतं, त्यातून हिरवट उजेड येत होता. मी खाटेवर पडले होते. वरची खोली तापते म्हणून स्वरूपा खाली माझ्यापाशी येऊन बसली होती, मांडीवर लॅपटॉप. तिच्या बोटांची टकटक ऐकता ऐकता माझा डोळा लागला.

मी बोर्डासमोर बसले होते. मागच्या खोलीतून तेजाबाचा वास येत होता. काचेच्या मोठ्या बरण्यांत आमच्या बॅटऱ्या असायच्या. लाईट गेली की सगळं एक्स्चेंज त्या बरण्यांवर चालायचं. बरण्यांतलं पाणी हळूहळू निळं होत होतं, आणि त्या निळ्यात खोल कुठंतरी होले घुमत होते. कुणीतरी माझ्या मागे उभं राहून लाईनी वाचत होतं. बारामती. सांगवी. कऱ्हाटी. इंदापूर. निरवांगी. माझा हात दोरीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"बारामती आधी काढायची नाही," मी म्हटलं.

टकटक थांबली.

"काकी? झोपेत बोलताय व्हय?"

मी डोळे उघडले. हात खरंच वर उचललेला होता. स्वरूपा हसत होती.

"काय आवाज लावला वो! एकदम हापिसातला. मी दचाकलेच."

"तू काय वाचत होतीस?"

"यादी. कोणची मशीन कवा बंद करायची त्येची."

"आणि पहिली बारामती?"

"मग? गावं मोजायची म्हटल्यावर बारामतीपासनंच मोजत्यात की समदी. तुमीबी तशीच मोजता."

ते खरं होतं. आमच्याकडे कुणालाही विचारा, बारामतीपासूनच सुरुवात होते. मी उठून बसले. पाणी प्यायले. आणि जी गोष्ट आमच्या ह्यांनाही सांगितली नव्हती ती त्या मुलीला सांगितली.

"बरण्या उतरायला लागल्या की आम्हाला लाईनी बंद कराव्या लागायच्या," मी म्हटलं. "नियम असा, की सगळ्यात लांबची आधी. निरवांगीची लाईन इंदापूरवरून यायची, इंदापूरची आमच्याकडे. म्हणून निरवांगी आधी, मग इंदापूर, असं करत आपल्यापाशी यायचं. आपला बोर्ड शेवटी. आणि दोरी काढायच्या आधी सांगायचं, लाईन काढते आहे, बोलणं पुरं करा. पलीकडून 'झालं' असं आल्याशिवाय काढायची नाही."

"आन मग?"

"दुसरंच वर्ष होतं माझं. बावीसची होते. लाईट गेलेली, वरिष्ठ बाई जेवायला गेलेल्या. बरण्यांचा काटा खाली आला आणि मी घाबरले. तोंडात जशी नावं होती तशाच दोऱ्या काढल्या. निरवांगीच्या आधी इंदापूर. कुणालाही न सांगता."

"आन निरवांगीवर कोण बोलत हुतं?"

"बनाबाई म्हणून होत्या. लेक सांगवीला दिलेली, लग्नाला महिना झालेला. आयुष्यातला पहिला फोन लेकीला करत होत्या. दुसऱ्या दिवशी अप्पा लाईनवर सांगत होते. म्हणाले, काल आमची बनाबाई लई वेळ बोलली. मी मुद्दाम भाईर जाऊन बसलो, आईलेकीचं बोलणं कशाला ऐकायचं म्हणून. पोरगी पार गप्प हुती म्हणं. बनाबाईला वाटलं, पोरगी रडतीय."

स्वरूपानं लॅपटॉप बाजूला ठेवला.

"अप्पांनी विचारलं, बाई, लाईन किती वाजता गेली हो? मी म्हटलं, माहीत नाही. पुन्हा लावून देते म्हटलं असतं तर झालं असतं. पण मी गप्प बसले. बनाबाई काही परत आल्या नाहीत. त्यांचं सगळं सांगून झालं होतं ना."

गोणपाटातून पाण्याचे थेंब पडत होते. स्वरूपानं लॅपटॉप ओढून घेतला, काहीतरी वर-खाली केलं, आणि एकदम कपाळावर हात मारला.

"काकी! माझी स्क्रिप्टच बारामतीत हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे दुसऱ्यास्नी झोपा म्हणणारी बारामतीच. आन मी तिलाच पयली झोपवली. मग बाकीच्यास्नी सांगणार कोण? बॅटरी मरंस्तवर निरवांगी आपली बोलत बसली, आन..." ती थांबली. "तीन आठवडे मी त्या गरीब बॅटरीला शिव्या देतीय!"

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. मग लिहायला बसली. ऊन कलंपर्यंत मी तिच्या टकटकीत पडून राहिले. मधेच तिनं विचारलं, "तुमी काय म्हणायचा? पुन्ना सांगा."

"लाईन काढते आहे. बोलणं पुरं करा."

"आन तिकडनं 'झालं' आलंच न्हाय तर?"

"तर थांबायचं."

"किती?"

मी उठून गोणपाटावर पुन्हा पाणी मारलं.

गुरुवारी मी म्हटलं, मलाही यायचंय. शाहिदनं गाडीचं दार उघडत विचारलं, "खाला, बघायला काय हाय तितं? पत्र्याचं शेड हाय."

"मला निरवांगी बघायची आहे."

"आपलं शेड निरवांगीच्या चार किलोमीटर अलीकडं हाय."

"तेवढं अलीकडून चालेल."

"बघ स्वरूपा, खालाला आता फिरायची हौस आली. उद्या मला लंडनला चल म्हणंल, डाळिंबाबरूबर."

रस्ताभर कालवा आमच्या सोबत होता, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. उसाचे फड मागे जात होते, मध्येच केळी, मध्येच जाळी टाकलेल्या डाळिंबाच्या बागा, पांढऱ्या आणि धुरकट, जमिनीवर उतरलेल्या ढगासारख्या. स्वरूपा पुढच्या सीटवर बोटांवर मिनिटं मोजत होती. मी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर सगळं ओळखीचं वाटलं.

पॅकहाऊसमध्ये पत्र्याखाली लांबलचक टेबलं होती. बायका फळं हातात फिरवून बघत होत्या; प्रत्येक टेबलावर वहीएवढा एक टॅब, त्यावर क्रेटची चिठ्ठी टिपायची. शेवटाला काचेची खोली, आत ते खोकं. मी त्याला हात लावून पाहिला. कोमट होतं, आणि आत बारीक घुमत होतं.

गोकुळराव आले. उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर. "ह्या कोण?"

"माझी खाला," शाहिद म्हणाला. "जुन्या टेलिफोनवाल्या."

"बसा आक्का. आज हितं एकतर काम हुतंय, न्हायतर तमाशा."

दहाला दोन मिनिटं असताना पंखे थांबले. कोल्ड स्टोरेजचा जनरेटर मागे कुठंतरी धडधडायला लागला. खोलीत बॅटरी टिटटिट करू लागली. स्वरूपानं कशालाच हात लावला नाही, नुसती पडद्यासमोर उभी राहिली. सगळ्या टेबलांवरचे टॅब एकदम पिवळे झाले. त्यावर मोठ्या अक्षरात आलं होतं: लाईट गेली आहे. हातातला लॉट पुरा करा. पुरा झाला की 'झालं' दाबा.

मी ते वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले.

एकेका टेबलावरून 'झालं' येत गेलं. पडद्यावर खुणा उमटत होत्या. दोन मिनिटांत सगळी टेबलं झाली, एक सोडून. चौथ्या टेबलावर प्रतिक्षा नावाची मुलगी होती. म्हस्कू म्हणून कुणी निरवांगीचे बागायतदार, त्यांचा लॉट तिच्यापुढे अर्धा पडलेला. ती एकेक क्रेट ओढून चिठ्ठी टिपत होती.

"स्वरूपाबाई," गोकुळराव म्हणाले, "चार मिनिटं झाली."

"व्हय."

"ती निरवांगी अजून जागीच हाय."

"व्हय. तिचं बोलणं चालू हाय."

"कुणाचं बोलणं?"

शाहिद तोंड फिरवून हसला. स्वरूपा हसली नाही. तिची गणितं मला गाडीत सांगून झाली होती: पाच जणींना नीट झोपायला साडेचार मिनिटं. म्हणजे साडेसात मिनिटांच्या पुढे थांबता येणार नव्हतं. पाच झाली. सहा झाली. जबरदस्तीनं बंद करायची एक कळ तिच्या बोटाखाली होती. दाबली असती तर बाकीचं सगळं वाचलं असतं, फक्त प्रतिक्षापुढचे पाच-सहा क्रेट गेले असते. गोकुळरावांनी घड्याळ बघितलं.

"बंद करा की आता! पाच क्रेटसाठी समदं घालवता का काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचं बोट कळीवर आलं आणि तिथंच राहिलं.

"प्रतिक्षा!" ती काचेचं दार ढकलून ओरडली. "किती ऱ्हायलं?"

"दोन!"

"हात उचल!"

"उचललाय की! मला काय चार हात हायत व्हय?" आणि मग जरा वेळानं, साऱ्या शेडभर, "झालं गं बाई, झालं!"

सात मिनिटं झाली होती. पडद्यावर निरवांगीसमोर शेवटची खूण आली आणि तिचं नाव हळूच फिकट झालं. मग इंदापूर. मग कऱ्हाटी, मग सांगवी. प्रत्येक नाव विझायच्या आधी क्षणभर थांबत होतं, जसं माणूस निघताना उंबऱ्यात थांबतं. शेवटी एकटी बारामती उरली. तिनं एक ओळ लिहिली, सगळ्या झोपल्या, मी जाते, आणि पडदा काळा झाला. तिच्यामागून खोकंही आपसूक विझलं. शाहिदनं बॅटरीचं टिटटिट बंद केलं. पावणेबारा मिनिटं.

इतकं शांत झालं, की मला वाटलं मी पुन्हा खाटेवर पडले आहे. जनरेटर लांब होता. जवळ काहीच नव्हतं. आणि त्या शांततेत, पत्र्याच्या वर कुठंतरी, होले घुमायला लागले.

"आता उठत्यात का, त्ये बघू," गोकुळराव म्हणाले आणि बाहेर गेले.

लाईट दोनला आली. तोवर आम्ही सगळ्याजणी शेडच्या सावलीत भाकरी खात बसलो होतो. प्रतिक्षा स्वरूपाला चिडवत होती, "आज माझ्यामुळं तुझी नोकरी वाचली. मला चुलीवरची बासुंदी पायजे." स्वरूपाचा घास तोंडातच फिरत होता. पंखा हलला तशी ती हात न धुताच पळाली.

उठवताना मात्र यादी तिची जुनीच होती. बारामती आधी. मी तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "यायच्या वाटंला बारामतीच पयली, काकी." एकेक नाव पुन्हा उजळलं. तिनं बारामतीतल्या नोंदी उघडल्या, थेट खाली गेली. गोकुळराव चष्मा डोळ्यावर घेऊन तिच्या खांद्यावरून वाकले. शेवटच्या ओळीत होतं: म्हस्कू, निरवांगी. क्रेट बेचाळीस. दहा वाजून पाच मिनिटं.

"बेचाळीसच हुतं का?" त्यांनी दारात जाऊन विचारलं.

"बेचाळीस," प्रतिक्षा म्हणाली. "मोजून घ्या."

त्यांनी खरंच जाऊन मोजले. परत आले, घाम पुसला. "खोली ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले. "आन बाई, ती 'झालं'ची पाटी अजून मोठी करा. मला चष्म्याबिगर दिसंना."

स्वरूपानं मान हलवली. ते गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन जमिनीवरच बसली आणि तिनं डोकं माझ्या गुडघ्याला टेकलं. पडद्यावर ती शेवटची ओळ अजून तशीच होती. मी ती पुन्हा पुन्हा वाचत होते. निरवांगीचं शेवटचं बोलणं. पोचलेलं.

संध्याकाळी शाहिदनं गाडी बारामतीकडे वळवली नाही. उलट्या बाजूला काढली. दोन्हीकडे बागा, पुढं नदीकडे उतरणारा रस्ता. निरवांगीची पाटी आली तिथं त्यानं गाडी कडेला घेतली.

"ह्ये बघ खाला, तुझं गाव. उतरायचं का?"

स्वरूपानं माझ्या बाजूचं दार उघडून धरलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "गाडी बंद कर. आधी ऐकू दे."